संत पॅट्रिक

युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड नावाचे हिरवेगार बेट आहे. तेथे दरवर्षी १७ मार्च हा दिवस संत पॅट्रिक यांच्या स्मरणार्थ मोठ्या उत्साहाने पाळला जातो. नवलाची गोष्ट ही की, पॅट्रिक मूळचे आयर्लंडचे नव्हते. आणि त्या भूमीवर त्यांचे पहिले पाऊल पडले ते गुलाम म्हणून!

ही हकीकत सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीची. ब्रिटनमधील एका खाऊनपिऊन सुखी ख्रिस्ती कुटुंबात पॅट्रिकचा जन्म झाला. आजोबा धर्मगुरू होते, पण नातवाला धर्माची गोडी नव्हती. तो सोळा वर्षांचा होत आला असता लुटारूंनी धाड घातली आणि हजारो लोकांबरोबर त्यालाही धरून आयर्लंडला नेले. मुलांनो, वयाने तो तुमच्याहून फारसा मोठा नव्हता.

तेथे सहा वर्षे त्याने धन्याची मेंढरे राखली. पाऊस असो, हिम पडो, पहाटेपूर्वी उठून तो रानात प्रार्थना करी. घरी असताना ज्या देवाची त्याला आठवण नव्हती, तोच आता त्याचा एकमेव सोबती झाला. अखेर एके दिवशी तो निसटला. सुमारे दोनशे मैल चालून त्याने समुद्रकिनारा गाठला. तेथील एका गलबतावरील खलाशांनी प्रथम त्याला झिडकारले, पण मग बरोबर घेतले. काही वर्षांनी तो आईबापांना भेटला. आता पुन्हा कोठे जाऊ नकोस, अशी त्यांनी त्याची विनवणी केली.

परंतु एका रात्री पॅट्रिकला स्वप्न पडले. एक मनुष्य पुष्कळ पत्रे घेऊन आला होता, आणि आयर्लंडचे लोक त्याला परत बोलावीत होते. ज्यांनी आपली उमलती वर्षे हिरावून घेतली, त्यांच्याकडे जावे कशासाठी? सूड घ्यायचा नसेल, तर निदान त्या देशाचे नाव तरी का काढावे? पण प्रभूच्या प्रार्थनेत स्वतःसाठी क्षमा मागणाऱ्याने आधी आपल्या अपराध्यांना क्षमा करायची असते. पॅट्रिक यांनी ती केली आणि धर्मशिक्षण घेऊन ते त्या बेटावर परतले. तेथे त्यांना पुन्हा एकदा लुटण्यात आले, बेड्या पडल्या. चौदाव्या दिवशी सुटका झाली. तरी त्यांनी तो देश सोडला नाही.

याहून जिव्हारी लागणारा घाव एका जिवलग मित्राने घातला. लहानपणी हातून घडलेली एक चूक पॅट्रिक यांनी विश्वासाने त्याला सांगितली होती. तीच त्याने पुढे तीस वर्षांनी वरिष्ठांसमोर उघड केली. परक्याला क्षमा करणे एक वेळ सोपे. मित्राला करणे मला तरी फार कठीण वाटते. पॅट्रिक यांना अतोनात दुःख झाले. तरीही त्या अपराधाचा दोष कोणाच्या माथी लागू नये, अशीच प्रार्थना त्यांनी केली.

मात्र त्यांची क्षमा दुबळी नव्हती. कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या सैनिकांनी नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांपैकी काहींना ठार केले, काहींना गुलाम म्हणून पळविले. बंदिवानांना सोडा, असे पॅट्रिक यांनी कळविले, तेव्हा सैनिक हसले. मग पॅट्रिक यांनी एक जळजळीत पत्र लिहिले. या लोकांच्या पंक्तीला कोणी ख्रिस्ती माणसाने बसू नये, असे त्यांनी त्यात बजावले; पण पश्चात्ताप करून बंदिवानांना मोकळे करतील, त्या दिवशी त्यांच्यासाठीही दार उघडे ठेवले.