जनरल जगन्नाथराव भोसले : मोडलेले उभे करणारा सेनानी

मुंबईला मंत्रालयात कामानिमित्त जाणाऱ्या माणसाला तेथून जवळच एका रस्त्याच्या पाटीवर जनरल जगन्नाथराव भोसले हे नाव वाचायला मिळते. हे जनरल कोण, हे मात्र आपल्या धारणी भागात फार थोड्यांना माहीत असेल. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी त्यांचे स्मरण करणे उचित आहे. कारण मोडकळीस आलेले पुन्हा उभे करणे हेच त्यांनी जन्मभर केले.

जगन्नाथरावांचा जन्म १९०६ साली सावंतवाडी संस्थानातील तिरोडे या गावी झाला. डेहराडूनच्या सैनिकी विद्यालयात शिकून ते इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथे गेले. त्या काळी फार थोड्या हिंदी तरुणांना तेथे प्रवेश मिळत असे. परत आल्यावर ते मराठा पलटणीत अधिकारी झाले. कोकणातील एका खेड्यातला मुलगा लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढला.

दुसऱ्या महायुद्धात ते मलाया-सिंगापूरच्या आघाडीवर होते. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि सुमारे ४५,००० हिंदी सैनिक जपान्यांचे कैदी झाले. त्यांतूनच आझाद हिंद सेना उभी राहिली. सैनिकाने घेतलेली शपथ मोडणे ही साधी गोष्ट नव्हे. पुष्कळ हिंदी अधिकारी या सेनेपासून अलिप्त राहिले. भोसल्यांनी मात्र परक्या राजाच्या शपथेपेक्षा मातृभूमीचे ऋण मोठे मानले. लढाई हरली तर घरदार, नोकरी आणि प्रसंगी प्राणही जाणार, हे उघड होते.

त्यांची खरी कसोटी त्याच वर्षाच्या शेवटी लागली. जपानी अधिकाऱ्यांशी बेबनाव होऊन डिसेंबर १९४२ मध्ये कॅप्टन मोहनसिंग यांना अटक झाली व सेना जवळजवळ मोडली. नेताजी अजून आले नव्हते. अशा वेळी रासबिहारी बोस यांनी १९४३ च्या आरंभी सेनेच्या कारभाराची धुरा भोसल्यांवर सोपवली. बिथरलेल्या, निराश झालेल्या जवानांना एकत्र धरण्याचे काम त्यांनी केले. म्हणूनच जुलै १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापूरला आले तेव्हा त्यांना उभी सेना मिळाली. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी स्थापन झालेल्या आझाद हिंद सरकारात भोसले सैन्याचे प्रतिनिधी म्हणून मंत्री होते. पुढे ते मेजर जनरल झाले.

१९४४ च्या इंफाळ मोहिमेत पराभव पदरी आला. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती दिली आणि भोसल्यांच्या नशिबी पुन्हा कैद आली. सुटकेनंतर देश स्वतंत्र झाला खरा, पण आझाद हिंदच्या लोकांना स्वतंत्र भारताच्या सैन्यातही परत घेतले गेले नाही. ज्याने सारे आयुष्य गणवेशात काढले, त्याला तो कायमचा उतरवावा लागला. या गोष्टीचे दुःख किती मोठे असेल, ते सैनिकाच्या घरच्यांनाच कळेल.

पण ते रुसून घरी बसले नाहीत. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले व केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीत लाखो माणसांची घरे-शेते सुटली होती. गाव सुटण्याचे दुःख काय असते, हे मेळघाटातील माणसाला वेगळे सांगायला नको. भोसल्यांचे लक्ष या लोकांच्या मुलांकडे गेले. नुसते अन्न आणि छप्पर देऊन मूल उभे राहत नाही, हे त्यांनी ओळखले. १९५४ साली दिल्लीच्या कस्तुरबा निकेतनमधील निर्वासित मुलांपासून त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत, व्यायाम, देशभक्तीची गाणी, थोरांच्या गोष्टी आणि आपली कामे आपण करण्याची सवय, असा तिचा साधा क्रम होता. ज्या मुलांना कोणी वाली नव्हता, ती मुले रांगेत ताठ उभी राहू लागली. पुढे ही योजना अनेक राज्यांतील शाळांत पोहोचली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा पाहिलेल्या आपल्या वऱ्हाडाला शिस्तबद्ध व्यायामाचे मोल सांगण्याची गरज नाही.

१९६३ साली जनरल भोसले यांचे निधन झाले. नंतर त्यांची योजनाही दुसऱ्या योजनेत विलीन झाली. आज तिचे नाव कोणाच्या तोंडी नाही. परंतु त्या मैदानांवर ज्या पोरक्या मुलांच्या पाठी ताठ झाल्या, ते काम वाया गेले असे कोण म्हणेल?

मंदिराचे दगड नव्याने बसले, कळस चढला, यात दात्यांचा व श्रमदान करणाऱ्या सर्वांचा वाटा आहे. आता या मंदिरासमोरच्या पटांगणात गावची पोरे रोज सकाळी व्यायामाला जमली, एखाद्या पोरक्या लेकराला गावाने आपले म्हटले, तरच हा जीर्णोद्धार पुरा झाला असे समजावे. तशी बुद्धी सर्वांना होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.