शिळेतले बिऱ्हाडकरू

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये न्यूक्वे नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथील मत्स्यालयात २००९ मध्ये एक विचित्र प्रकार उघडकीस आला. टाकीतील प्रवाळांचे कोणीतरी लचके तोडीत होते, पण अपराधी काही दिसत नव्हता. सापळे लावूनही उपयोग होईना. अखेर टाकीतील दगड एकेक करून बाहेर काढले, तेव्हा आत दडून बसलेला सुमारे ४ फूट लांबीचा एक कृमी हाती लागला. त्याला मुद्दाम कोणी आणले नव्हते. तो लहान असताना दगडाच्या पोकळीतून आला असावा आणि तेथेच वाढला असावा, असा तर्क करण्यात आला.

घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या शौकिनांना अशा न बोलावलेल्या पाहुण्यांची सवय असते. समुद्रातून काढलेल्या सच्छिद्र दगडाबरोबर केसाळ कृमी, चिमुकले खेकडे, नळीत राहणारे जीव, स्पंज असे अख्खे बिऱ्हाडच येते. सामान्य माणसाला या बिऱ्हाडाची गोडी लावण्याचे श्रेय ज्या माणसाकडे जाते, तो दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी न्यूक्वेपासून फार दूर नसलेल्या डेव्हनच्या किनाऱ्यावर छिन्नी-हातोडा घेऊन हिंडत असे. त्याचे नाव फिलिप हेन्री गॉस. खाऱ्या पाण्याच्या टाकीला त्याने लोकप्रियता दिली, 'ॲक्वेरियम' हा शब्द रूढ केला, आणि त्या लोकप्रियतेची किंमतही त्याला आपल्या डोळ्यांनी पाहावी लागली.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी वूस्टर येथे झाला. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रे रंगविणारे चित्रकार. घरात पैशाची चणचण कायमची, पण कुंचल्याचा वारसा मुलाला मिळाला. बालपण डॉर्सेटमधील पूल या बंदरात गेले. तेथे सुसान बेल या आत्याने त्यांना किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीची ओढ लावली. या आत्याचा मुलगा थॉमस बेल पुढे नामवंत प्राणिशास्त्रज्ञ झाला.

१८२७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, गॉस अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडमध्ये एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून रुजू झाले. तेथे १८३२ मध्ये त्यांनी सूक्ष्मदर्शकावरील एक जुने पुस्तक विकत घेतले. या पुस्तकाने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरविली. पुढे त्यांनी कॅनडात शेती करून पाहिली, ती साधली नाही. अलाबामात काही महिने शिक्षकी केली. १८३९ मध्ये ते जवळजवळ रिकाम्या हाताने मायदेशी परतले. मात्र त्यांच्याजवळ निरीक्षणांची टिपणे होती. त्यांतून १८४० मध्ये कॅनडाच्या निसर्गावरील त्यांचे पहिले पुस्तक निघाले. नंतर जमैकात दीड वर्ष राहून त्यांनी तेथील पक्ष्यांचा अभ्यास केला.

१८४८ मध्ये त्यांनी एमिली बोव्ज यांच्याशी विवाह केला. दोघेही अत्यंत कडव्या धर्मश्रद्धेचे. बायबलमधील प्रत्येक शब्द जसाच्या तसा खरा, अशी त्यांची धारणा होती. सप्टेंबर १८४९ मध्ये मुलगा एडमंड जन्मला. त्या दिवशीच्या रोजनिशीत गॉस यांनी मुलाच्या जन्माची आणि जमैकाहून आलेल्या हिरव्या पाकोळीच्या नमुन्याची नोंद एकाच दमात केली. वाचणाऱ्याला हसू येते, पण जीवसृष्टीविषयीची त्यांची तन्मयता त्यातून दिसते.

अतिश्रमाने प्रकृती ढासळली, म्हणून १८५२ च्या आरंभी गॉस कुटुंब डेव्हनच्या किनाऱ्यावर आले. त्या काळी समुद्री जीव जिवंत ठेवणे ही मोठी अडचणीची गोष्ट होती. पाणी एक-दोन दिवसांत नासे आणि प्राणी मरत. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने १८५० मध्ये गोड्या पाण्यापुरता एक उपाय मांडला होता. प्राण्यांबरोबर वनस्पती ठेवल्या, तर उजेडात त्या प्राणवायू सोडतात आणि दोघांचा तोल राहतो. ॲना थिन या बाईंनी तर लंडनमध्ये १८४० च्या दशकातच प्रवाळ जिवंत ठेवले होते. गॉस यांनी स्वतःच्या प्रयोगांनी हेच तत्त्व खाऱ्या पाण्यात पडताळून पाहिले.

येथेच दगडाचा प्रश्न आला. समुद्री शेवाळाला झाडासारखी मुळे नसतात; ते खडकाला तळाशी घट्ट चिकटलेले असते. उपटून आणले तर ते सडते आणि पाणीही नासवते. म्हणून शेवाळाच्या बुडाखालचा खडकाचा तुकडाच छिन्नीने फोडून आणावा लागे. गॉस ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उभे राहून असे तुकडे काढीत आणि पाण्याच्या भांड्यातून घरी नेत.

आणि मग तो दगड बोलू लागे. प्रारंभी तो निर्जीव वाटे. काही वेळाने त्याच्या भेगेतून एखादी पिसाऱ्यासारखी नाजूक तुरी बाहेर पडे. तो चुन्याची नळी बांधून राहणारा कृमी असे. छाया पडताच क्षणात आत ओढला जाई. दुसऱ्या भोकातून लांबलचक धाग्यांसारखी शुंडके वाळूचे कण चाचपडत पुढे सरकत. कोठे शंख पोखरून राहणारे स्पंज, कोठे टाचणीच्या डोक्याएवढी समुद्रफुले. दगडाखालून अनेक पायांचा कृमी सरपटत जाई. आणावयाचे होते शेवाळ. आले होते एक गाव. गॉस यांनी या गावकऱ्यांना घुसखोर मानले नाही. सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांनी त्यांचे वर्णन केले आणि स्वतःच्या हाताने त्यांची रंगीत चित्रे काढली. त्याचबरोबर एखादा जीव दगडाखाली मेला, तर तो त्वरित काढला पाहिजे, नाहीतर सारी टाकी दगावते, हा व्यवहारही त्यांनी वाचकांना शिकविला.

मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय खुले झाले. त्यासाठी गॉस यांनी किनाऱ्यावरून जीव गोळा करून पाठविले होते. त्याच वर्षी डेव्हनच्या किनाऱ्यावरील त्यांचे भ्रमणवर्णन प्रसिद्ध झाले आणि १८५४ मध्ये 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आले. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्यांनी मीठ आणि अन्य तीन क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची कृतीही दिली. काचेवरील कर १८४५ मध्येच उठला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. पाहता पाहता मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसू लागल्या. १८५६ मध्ये रॉयल सोसायटीने गॉस यांना सदस्यत्व देऊन गौरविले.

यशाच्या या शिखरावर असतानाच घरावर आघात झाला. एमिली यांना स्तनाचा कर्करोग झाला. यातनामय उपचारांनंतर फेब्रुवारी १८५७ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी गॉस यांनी 'ऑम्फॅलॉस' हा ग्रंथ लिहिला. खडकांतील जीवाश्म पृथ्वीचे वय लाखो वर्षांचे सांगत होते. धर्मग्रंथ सहा दिवसांच्या निर्मितीची कथा सांगत होता. गॉस यांनी तोड काढली की, देवाने जग निर्माण करतानाच त्यावर भूतकाळाच्या खुणा ठेवल्या. हा युक्तिवाद शास्त्रज्ञांना पटला नाही आणि धार्मिकांनाही रुचला नाही. त्यांचे स्नेही चार्ल्स किंग्जली यांनीही तो नाकारला. ज्या डार्विननी पत्रे लिहून त्यांच्याकडे माहिती मागितली होती, त्यांचाच ग्रंथ दोन वर्षांनी प्रसिद्ध होणार होता. दगडाची भेग न् भेग प्रामाणिकपणे वाचणाऱ्या या माणसाने दगडाचे वय मात्र वाचण्याचे नाकारले.

लहानग्या एडमंडला घेऊन ते टॉर्कीजवळ सेंट मेरीचर्च येथे कायमचे राहावयास गेले. ब्रिटिश समुद्रफुले आणि प्रवाळ यांवरील त्यांचा ग्रंथ १८६० मध्ये पूर्ण झाला आणि दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. परक्याच्या शंखात घर करणारा खेकडा आपल्या अंगावरचे समुद्रफूल चिमट्यांनी उचलून नव्या शंखावर कसे बसवितो, हेही त्यांनी टाकीत पाहून नोंदविले. त्याच वर्षी एलायझा ब्राइटवेन यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला आणि घराला स्थैर्य आले.

परंतु किनारा बदलत होता. गॉस यांची पुस्तके हाती घेऊन हौशी लोकांच्या झुंडी ओहोटीच्या वेळी खडकांवर उतरू लागल्या. फोडलेल्या प्रत्येक तुकड्याबरोबर त्यातले बिऱ्हाड उचलले जाई. बरेचसे टाकीत पोचण्याआधीच मरून जाई. पूर्वी ज्या कुंडांत गॉस बाप-लेक पोवळ्याच्या झालरी आणि समुद्रफुलांचे ताटवे पाहत, ती ओकीबोकी झाली. एडमंड यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आठवणींत नमूद केले आहे की, या नासाडीची जबाबदारी आपल्या पुस्तकांकडे येते, हे वडिलांना मृत्यूपूर्वी उमगले होते आणि त्याचे शल्य त्यांना लागून राहिले. स्वतः अत्यंत जपून हात घालणाऱ्या माणसाला हे कधी सुचलेच नव्हते.

टाक्यांची लाट १८६० च्या दशकात ओसरली. गॉस यांचे सूक्ष्मदर्शक मात्र थांबले नाही. सी. टी. हडसन यांच्यासह १८८६ मध्ये त्यांनी रोटिफर या अतिसूक्ष्म जीवांवरील मोठा ग्रंथ पूर्ण केला. तेव्हा त्यांचे वय ७६ होते. २३ ऑगस्ट १८८८ रोजी सेंट मेरीचर्च येथे त्यांचे निधन झाले.

आज समुद्रातील नैसर्गिक दगड उचलण्यावर अनेक देशांत निर्बंध आहेत. आपल्याकडे तर कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे कवच आहे. त्यामुळे पुष्कळ शौकीन मानवनिर्मित सच्छिद्र दगड वापरतात. तरीही एखाद्या प्रवाळाच्या बुडाशी चिकटून एखादा कृमी येतोच आणि मालक रात्री विजेरी घेऊन टाकीपुढे बसतो. त्या बहुतेक कृमींपासून धोका नसतो. उलट ते उरलेसुरले खाऊन पाणी स्वच्छ ठेवतात. दगडाबरोबर नेमके काय आले आहे, हे मारण्याआधी नीट पाहावे, हा धडा गॉस यांनी पुस्तकांतून दिला. दगड उचलण्याआधी त्यात कोण राहते याचा विचार करावा, हा दुसरा धडा त्यांना किनाऱ्याने उशिरा दिला.