लोखंडी नांगराचे जनक लक्ष्मणराव किर्लोस्कर

भारतीय यंत्रोद्योगाच्या इतिहासात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव आदराने घेतले जाते. लहानशा दुकानातून सुरू झालेल्या त्यांच्या व्यवसायाचे पुढे देशव्यापी उद्योगसमूहात रूपांतर झाले. मात्र त्यांची खरी कसोटी लागली ती यंत्र तयार करताना नव्हे, तर त्या यंत्रावर शेतकऱ्याचा विश्वास बसविताना.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शालेय अभ्यासापेक्षा चित्रकला आणि यंत्रे यांचीच त्यांना अधिक ओढ होती. चित्रकलेच्या शिक्षणासाठी ते मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. परंतु काही रंगांमधील भेद आपल्याला ओळखता येत नाही, हे लक्षात आल्यावर त्यांना रंगकामाचा नाद सोडावा लागला. त्यांनी यांत्रिक आरेखनाची कास धरली आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन केले. हक्काची बढती डावलली गेल्याने त्यांनी ती नोकरी सोडली.

किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ सालापासून मानला जातो. बंधू रामचंद्रराव ऊर्फ रामूअण्णा यांच्यासह त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालविले. सायकल ही त्या काळी अपूर्वाईची वस्तू होती. त्यामुळे सायकल विकण्याबरोबरच ती चालविण्यास शिकविणे आणि दुरुस्त करून देणे ही कामेही दुकानात होत असत. विक्रीनंतरही ग्राहकाशी संबंध राखण्याचा धडा या बंधूंना येथेच मिळाला.

पुढे लक्ष्मणरावांचे लक्ष शेतीकडे वळले. जनावरांना अख्खा कडबा घातला की त्यातील बराचसा वाया जातो, हे पाहून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर बनविला. लाकडी नांगरापेक्षा तो जमीन अधिक खोल उलथून टाकत असे. परंतु लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, असा समज शेतकऱ्यांमध्ये खोलवर रुजलेला होता. परिणामी पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

या काळात कारखानदाराने हताश होऊन दुसरा मार्ग धरला असता, तर ते नवल ठरले नसते. लक्ष्मणरावांनी मात्र नांगर अधिक चांगला कसा होईल, याचाच ध्यास घेतला. नांगराचा फाळ हा सतत जमिनीशी घासून झिजणारा भाग. तो टिकाऊ असावा आणि झिजल्यावर बदलता यावा, ही शेतकऱ्याची मूलभूत गरज होती. ऐन पेरणीच्या तोंडावर नांगर अडून बसला, तर शेतकऱ्याचा हंगाम हातचा जातो. मग त्या कारखान्याच्या दारात तो पुन्हा येत नाही. लोखंडी नांगराने नांगरलेल्या शेतात पीक जोमाने येते, हे शेजारच्या शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिले तेव्हा कुठे संशय ओसरू लागला.

धंदा मार्गी लागत असतानाच नवे संकट कोसळले. शहराच्या विस्तारासाठी बेळगावातील जागा रिकामी करण्याचा आदेश नगरपालिकेने दिला. अशा वेळी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रेल्वे स्थानकाजवळची माळरानाची जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या ओसाड माळावर १९१० साली कारखाना आणि वसाहत उभी राहिली. आज सांगली जिल्ह्यात असलेली ही वसाहत किर्लोस्करवाडी या नावाने ओळखली जाते. कामगारांच्या या वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता आणि शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तींनाही येथे विश्वासाने काम दिले गेले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी मालाची आवक घटली आणि देशी नांगरांना मागणी वाढली; परंतु कच्चे लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी जुन्या तोफा उपलब्ध करून दिल्या. युद्धासाठी ओतलेले लोखंड वितळून त्याचे नांगर झाले.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचविणे हा त्यामागील एक हेतू होता. हेच पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचले. दरम्यान कारखान्यात उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप तयार होऊ लागले. शेतकऱ्याची अडचण हाच प्रत्येक नव्या उत्पादनाचा उगम होता.

महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. आयुष्यभराच्या श्रमाची राख पाहण्याची वेळ वृद्ध लक्ष्मणरावांवर आली. तरीही किर्लोस्करवाडी सोडून जाण्याऐवजी कारखाना त्याच जागी पुन्हा उभा करण्यात आला. तोपर्यंत त्यांचे पुत्र शंतनुराव यांच्या पुढाकाराने उद्योगाचा विस्तार पुणे आणि बंगळूरपर्यंत झाला होता.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले. अल्प भांडवलावर कारखाना चालविणाऱ्या आजच्या उद्योजकांपुढेही तोच प्रश्न आहे, जो त्यांच्यापुढे होता. नवी वस्तू घडविणे हे अर्धेच काम असते. ती विकत घेणाऱ्याचा हंगाम वाया जाऊ न देणे, हे उरलेले अर्धे काम होय.