वाकड्या नळीचे बूर्दों

गाडीच्या डॅशबोर्डवर वेगळे फ्युएल प्रेशर गेज बसवून घेणाऱ्या हौशी मोटारमालकाला चकती आणि काटा तेवढा दिसतो. गेज यांत्रिक बनावटीचे असेल, तर चकतीमागे चंद्रकोरीसारखी वाकवलेली धातूची चपटी नळी असते. आपल्याकडे आयटीआयपासून अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत तिला बोर्डन ट्यूब म्हणतात. हे बोर्डन म्हणजे पॅरिसचे यंत्रकार यूजीन बूर्दों.

८ एप्रिल १८०८ रोजी पॅरिसमधील एका व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुलाने व्यापारच करावा, या अपेक्षेने घरच्यांनी त्यांना जर्मन शिकण्यासाठी न्यूरेम्बर्गला धाडले. वडिलांच्या निधनानंतर मात्र ते उपकरणांकडे वळले आणि १८३२ मध्ये त्यांनी स्वतःची कार्यशाळा थाटली. वाफेच्या इंजिनांच्या लहान प्रतिकृती ही तिची खासियत. अशा दोनशेहून अधिक प्रतिकृती त्यांनी घडवल्या. त्यांतील एकीचे सिलिंडर तर काचेचे होते. आत काय घडते ते पाहणाऱ्याला दिसावे म्हणून!

तो काळ वाफेचा होता आणि बॉयलर फुटून माणसे दगावण्याचाही. आतला दाब मोजण्याचे खात्रीचे साधन म्हणजे पाऱ्याचा स्तंभ. वातावरणाच्या पाचपट दाब मोजायचा, तर तो जवळपास ३.८ मीटर उंच हवा. कारखान्याच्या भिंतीला ते चालून जाई, पण धावत्या आगगाडीच्या इंजिनावर काचेची एवढी नळी कोण उभी करणार?

उत्तर सापडले ते एका बिघाडातून. इंजिनासाठी तयार केलेली एक वेटोळी नळी कामाच्या ओघात चपटी झाली. ती पूर्ववत गोल करण्यासाठी एक टोक बंद करून आत दाब दिला, तेव्हा नळी फुगता फुगता तिचे वेटोळेही उलगडू लागले. दुसऱ्या एखाद्याने ती भंगारात टाकली असती. बूर्दों यांनी उलगडण्याचे प्रमाण दाबाशी जोडले आणि १८४९ मध्ये दाबमापकाचे पेटंट घेतले. नळीचे बंद टोक जेमतेम काही मिलिमीटर सरकते. ती हालचाल एक दांडी आणि दातेरी चाके वाढवतात आणि काटा फिरतो. पारा नाही, काच फुटण्याची धास्ती नाही.

१८५१ च्या लंडन प्रदर्शनात त्यांना पदक मिळाले, फ्रान्सने लिजन ऑफ ऑनर देऊन गौरवले. अमेरिकेतील हक्क एडवर्ड ॲशक्रॉफ्ट यांनी घेतले. यशाबरोबर कज्जाही आला. पाऱ्याविना चालणाऱ्या वायुभारमापकाचे जनक ल्युसियाँ विदी यांनी धातूच्या लवचिकतेवर दाब मोजण्याची कल्पना आपली असल्याचा दावा केला. सुरुवातीला बूर्दों जिंकले, पण प्रदीर्घ लढाईनंतर निकाल विदी यांच्या बाजूने लागला. तत्त्व विदींचे म्हणता येईल. नळी मात्र बूर्दों यांचीच, आणि नाव नळीलाच चिकटले.

१८७२ मध्ये त्यांनी व्यवसाय मुलाच्या हाती सोपवला. २९ सप्टेंबर १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. कार्ल बेंझ यांनी आपल्या मोटारीचे पेटंट मागितले ते जानेवारी १८८६ मध्ये. त्यामुळे आपली नळी पेट्रोलही मोजेल, हे पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

मोटारीत तिची एक जुनी गरज नव्याने अडचणीची ठरते. नळीला दाब कळण्यासाठी तो द्रव तिच्यापर्यंत पोहोचावा लागतो. डॅशबोर्डवर यांत्रिक गेज थेट लावायचे, म्हणजे चालकाच्या गुडघ्यांवर दाबाखालचे पेट्रोल आणून ठेवायचे. कार्ब्युरेटरच्या गाडीत हा दाब दर चौरस इंचाला ४ ते ७ पौंड असतो, इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत चाळिसाच्या पुढे. जोड सैल झाला, तर पेट्रोल केबिनमध्येच उडणार. म्हणून जाणकार मेकॅनिक इंधनाच्या नळीवर विद्युत सेन्सर बसवून आत फक्त तारा आणतो. पत्र्याच्या भोकात त्या घासू नयेत यासाठी रबरी कडे घालतो आणि इंजिन सुरू करण्याआधी पंप चालवून गळती तपासतो. यांत्रिक गेजच हवे असेल, तर मध्ये पडदा असलेला आयसोलेटर लावतात. पडद्याच्या आतल्या बाजूला पेट्रोलऐवजी सहज पेट न घेणारा द्रव भरलेला असतो. तोही नको असेल, तर बूर्दों यांच्या नळीची जागा बॉनेटखाली, इंजिनाशेजारी. काटा पाहायचा तो बॉनेट उघडून.