डार्विनचे गुरू : प्राध्यापक हेन्स्लो

चार्ल्स डार्विनचे नाव ठाऊक नाही असा शिकलेला मनुष्य विरळा. पण त्याला हाताशी धरून शोधाच्या वाटेला कोणी लावले, असे विचारले तर पुष्कळजण गप्प राहतात. मी पेशाने गाण्याचा मास्तर. वनस्पतिशास्त्रात मला गती आहे असा माझा दावा नाही. परंतु शिष्य कसा तयार होतो हा प्रश्न आमच्याही धंद्यातला आहे, आणि त्या दृष्टीने जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो यांचे चरित्र मला फार मोलाचे वाटते.

हेन्स्लो यांचा जन्म इंग्लंडात रोचेस्टर येथे ६ फेब्रुवारी १७९६ रोजी झाला. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकून १८२२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते तेथेच खनिजशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८२५ मध्ये वनस्पतिशास्त्राची जागा त्यांच्याकडे आली. ही जागा नावापुरतीच उरली होती. आधीच्या प्राध्यापकांनी कित्येक वर्षांत व्याख्यान दिले नव्हते आणि शहराच्या मधोमध असलेली जुनी बाग अगदी अपुरी होती. शिवाय हा विषय पदवीला लागत नसे, म्हणजे जो कोणी वर्गात येऊन बसेल तो केवळ आवडीने.

हेन्स्लो यांनी याच अडचणीचा फायदा करून घेतला. परीक्षाच नाही तर घोकंपट्टी कशाला? ते ताजी झाडे वर्गात आणून विद्यार्थ्यांच्या हाती देत. फूल स्वतः उलगडायचे, त्याचे भाग स्वतः ओळखायचे. दुर्मिळ वनस्पतींच्या शोधात सहली निघत; कधी पायी, कधी घोडागाडीने, कधी नदीतून पडावाने. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांचे घर सर्वांना खुले असे, आणि पदवी न मिळालेली पोरे नामांकित विद्वानांच्या शेजारी बसून बोलणे ऐकत. ब्रिटनमधील वाळवलेल्या वनस्पतींचा त्यांनी मोठा संग्रह केला, त्यात विद्यार्थ्यांनी आणलेले नमुनेही मानाने लावलेले आहेत. एकाच जातीची निरनिराळ्या ठिकाणची झाडे ते एका कागदावर शेजारी शेजारी चिकटवीत. जातीच्या आत किती फरक पडतो हे त्यावरून नजरेत भरे.

डार्विन १८२८ च्या आरंभी केंब्रिजला आला तो एडिंबरोचे वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून. वडिलांची इच्छा मुलाने पाद्री व्हावे. हेन्स्लोंची व्याख्याने त्याने लागोपाठ तीन वर्षे ऐकली. पुढे तर तो रोज त्यांच्याबरोबर फिरायला जाई, आणि हेन्स्लोंबरोबर फिरणारा तो, अशी त्याची ओळख झाली.

या काळातला एक प्रसंग मला फार आवडतो. ओलसर जागेवर ठेवलेले परागकण पाहत असता त्यांतून बारीक नळ्या बाहेर आलेल्या डार्विनला दिसल्या. आपण मोठाच शोध लावला असे वाटून तो धावत गुरूंकडे गेला. वास्तविक ही गोष्ट विद्वानांना माहीत होती. इटलीच्या आमिची यांनी अशी नळी आधीच पाहिली होती. हेन्स्लो हसले नाहीत. ही घटना खरोखर मनोरंजक आहे हे त्यांनी मान्य केले, तिचा अर्थ समजावून सांगितला, आणि ती किती सर्वश्रुत आहे हेही स्पष्टपणे सांगून टाकले. मुलगा खट्टू न होता, उलट स्वतः काही पाहिले याच्या आनंदात परतला. पुन्हा एवढी घाई करायची नाही, हेही त्याने मनाशी ठरवले.

दरबारी गवयाच्या घरी वाढल्यामुळे मी याच्या उलट पुष्कळ पाहिले आहे. शागीर्द एखादी जागा आपली आपण शोधून मोठ्या उमेदीने गाऊन दाखवतो. तेव्हा उस्ताद एकतर हसून त्याला गप्प करतात, नाहीतर खोटी वाहवा देतात. हेन्स्लोंनी दोन्ही टाळले, आणि ते फार अवघड आहे.

१८३१ साली बीगल जहाजावर निसर्ग-अभ्यासकाची जागा निघाली. खुद्द हेन्स्लोंच्याच मनात जायचे होते. पत्नीने न विचारता संमती दिली, पण तिचा चेहरा इतका उतरला की त्यांनी बेत सोडला. त्यांचे मेहुणे जेनिन्स यांनाही पाद्रीपणाची जबाबदारी टाकून जाता येईना. तेव्हा हेन्स्लोंनी नुकत्याच पदवीधर झालेल्या डार्विनचे नाव पुढे केले, आणि तू पुरता शास्त्रज्ञ झालेला नाहीस पण गोळा करायला, पाहायला, टिपून ठेवायला पूर्ण लायक आहेस, अशा अर्थाचे पत्र त्याला धाडले. वडिलांचा विरोध मामा वेजवुड यांनी मोडून काढला, आणि २७ डिसेंबरला जहाज सुटले.

पुढची पाच वर्षे डार्विनच्या पेट्या हेन्स्लोंच्याच पत्त्यावर येत होत्या. त्या उघडणे, नासलेले वेगळे काढणे, उरलेले सांभाळणे हे सारे काम त्यांनी अंगावर घेतले. तुकडे धाडू नकोस, मूळ, फूल, पान असलेले सबंध झाड धाड, असे त्यांनी कळवले. एका नमुन्याची तर काजळीच झाली होती. हे आहे तरी काय, असे त्यांनी थट्टेने विचारले. डार्विनच्या पत्रांतले भूगर्भविषयक उतारे १८३५ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या विद्वत्सभेपुढे वाचून दाखवले. त्यामुळे शिष्य परतण्यापूर्वीच त्याचे नाव झाले होते.

१८३९ मध्ये हेन्स्लो सफकमधील हिचम या गरीब खेड्यात पाद्री म्हणून राहायला गेले. तेथेही शेतमजुरांच्या पोरांना ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. अवघड शास्त्रीय शब्द बिनचूक लिहिता आल्याखेरीज त्या वर्गात प्रवेश नसे, आणि तरी मुले हौसेने येत! केंब्रिजच्या नव्या बागेसाठी त्यांनी खटपट केली होती, ती बाग १८४६ मध्ये उघडली.

१८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ निघाला. त्यातला सिद्धांत धर्मनिष्ठ हेन्स्लोंना पटला नाही. तरीही १८६० साली ऑक्सफर्डला त्यावर जो गाजलेला वाद झाला, त्या सभेचे अध्यक्ष तेच होते, आणि दोन्ही बाजूंना बोलू देण्याचे काम त्यांनी निभावले. १६ मे १८६१ रोजी हिचम येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचा विद्यार्थी बॅबिंग्टन त्यांच्या जागी प्राध्यापक झाला. डार्विन प्रकृतीमुळे अखेरच्या भेटीला जाऊ शकला नाही. पण जेनिन्स यांनी १८६२ मध्ये हेन्स्लोंचे चरित्र काढले, त्यासाठी त्याने आपल्या गुरूच्या आठवणी लिहून दिल्या.