विठ्ठलाच्या दारी खानदेशचे गुरुजी

आषाढी एकादशीच्या या पर्वदिनी मुक्ताईची पालखी तापीतीरावरून शेकडो मैल चालून पंढरीस पोहोचलेली असते. अमळनेरच्या संत सखाराम महाराज संस्थानची दिंडीही भीमातीरी विसावलेली असते. ज्या उंबरठ्याशी आपले हे खानदेशी वारकरी आज माथा टेकवतात, त्या उंबरठ्याच्या इतिहासात अमळनेरच्याच एका शिक्षकाचे नाव कोरले गेले आहे. ते नाव पांडुरंग सदाशिव साने. जन्माने कोकणातील पालगडचे (२४ डिसेंबर १८९९). परंतु त्यांस गुरुजी केले ते खानदेशाने.

अमळनेरास ते आले तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययनासाठी. तेथील शुष्क वादचर्चेत त्यांचे मन रमले नाही. १९२४ साली ते शाळेत शिक्षक झाले. छात्रालयातील मुलांच्या खोल्या झाडाव्या, त्यांचे कपडे धुवावे आणि त्यांच्यासाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक स्वहस्ते लिहावे, हा त्यांचा नित्यक्रम होता. १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी ती नोकरीही सोडली.

कीर्तनाच्या परिभाषेत बोलावयाचे, तर या चरित्राचा पूर्वरंग धुळ्याच्या कारागृहात रंगला. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबाजींनी तेथे अठरा रविवारी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. वक्त्याची वाणी वाहत असता ती टिपणे किती दुर्घट, हे आम्ही जाणतो. श्रोत्यांपैकी कोणी आमचे निरूपण वहीत उतरवून दाखविले, की हे आम्हीच बोललो काय, असा संभ्रम पडतो! गुरुजी स्वतः प्रतिभावंत लेखक. आपले चार शब्द मध्ये घालण्याचा मोह त्यांस सहज झाला असता. तो त्यांनी आवरला, म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपणांस लाभला व पुढे भारतातील अनेक भाषांत गेला. पुढील वर्षी नाशिकच्या कारागृहात त्यांची स्वतःची वाणी मोकळी झाली आणि अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली. मातृभक्तीचा तो ग्रंथ ठाऊक नाही असे मराठी घर विरळा.

उत्तररंग पंढरपूरचा. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, हे कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात होते. श्रोते डोळे पुशीत होते. आणि दार हरिजनांस बंदच होते. गुरुजींस हे साहवेना. १९४७ च्या आरंभी काही महिने त्यांनी महाराष्ट्रभर फिरून लोकमत जागविले आणि १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले. शास्त्राचा आधार घेऊन त्यांस विरोध करणारे थोडे नव्हते. आमचेही अध्ययन शास्त्राचेच. परंतु ज्या पांडुरंगाने भक्तासाठी विटेवर तिष्ठत राहावे, त्यास भक्ताच्या सावलीचा विटाळ होतो, हे आम्हांस कोणत्याही ग्रंथात पटलेले नाही. १० मे रोजी मंदिर खुले करण्यास संमती मिळाली आणि उपोषण सुटले.

आपले कार्य यशस्वी झाले, असे समाधान मात्र त्यांच्या मनास फारसे लाभले नाही. १९४८ साली गांधीजींची हत्या झाली, तेव्हा त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक काढले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. शास्त्र अशा मरणास मान्यता देत नाही आणि आम्हीही त्याचा गौरव करणार नाही. इतरांसाठी ज्यांच्या अंतःकरणात अपार क्षमा होती, त्यांनी त्यातील थोडी स्वतःसाठी राखून ठेवली नाही, याची हळहळ मात्र आजही वाटते.

आज घरोघरी एकादशीचे व्रत असेल. फराळानंतर मुलाबाळांस चोखोबांची कथा सांगण्याचा प्रघात अनेक घरांत आहे. तिच्या पुढचा हा १९४७ चा अध्यायही त्यांस सांगावा, एवढी आमची विनंती आहे.