अमेरिकेने ज्यांचा पासपोर्ट अडवला, त्या शास्त्रज्ञाने पुढे दोन नोबेल जिंकले

साल १९५२. लंडनच्या रॉयल सोसायटीने मे महिन्यात प्रोटीनच्या रचनेवर खास बैठक ठेवली होती. या विषयातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे अमेरिकेचे लायनस पॉलिंग. वर्षभरापूर्वीच त्यांनी प्रोटीनमधली ‘अल्फा हेलिक्स’ ही रचना जगासमोर मांडली होती. बैठकीत सगळे त्यांची वाट बघत होते, पण पॉलिंग आलेच नाहीत. त्यांच्याच सरकारने त्यांना पासपोर्ट दिला नव्हता.

पॉलिंग काही ऐरेगैरे नव्हते. जन्म १९०१ चा, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडचा. वडील लहानपणीच गेले. पडेल ते काम करत ते शिकले आणि कॅलटेकमध्ये प्राध्यापक झाले. अणू एकमेकांना कसे धरून ठेवतात, हे त्यांनी क्वांटम सिद्धांताच्या आधारे उलगडून दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी स्फोटकांवर आणि ऑक्सिजन मोजण्याच्या यंत्रावर काम केलं. त्याबद्दल १९४८ मध्ये सरकारने पदक देऊन गौरवही केला.

मग चारच वर्षांत बिनसलं कुठे?

हिरोशिमानंतर पॉलिंग अण्वस्त्रांविरोधात उघडपणे बोलू लागले होते. दुसरीकडे अणुबॉम्बची गुपितं रशियाला पोहोचल्याचं उघड झालं होतं, त्यामुळे सरकारची भीती अगदीच पोकळ नव्हती. पण मॅकार्थीच्या त्या काळात हेर कोण आणि सरकारवर टीका करणारा कोण, हा फरकच पुसला गेला. आपण कम्युनिस्ट नाही, असं पॉलिंग यांनी शपथेवर सांगितलं. तरीही परदेशवारी देशहिताची नाही म्हणत त्यांचा अर्ज फेटाळला गेला.

युरोपातले शास्त्रज्ञ भडकले. स्वातंत्र्याचा झेंडा मिरवणारी अमेरिका आपल्याच संशोधकाला कोंडते, अशी नाचक्की झाली. अखेर जुलैमध्ये मर्यादित पासपोर्ट मिळाला.

मे महिन्यात ते लंडनला गेले असते, तर डीएनएची रचना त्यांनीच शोधली असती, असं आजही म्हटलं जातं. रोझलिंड फ्रँकलिन यांचे क्ष-किरण फोटो लंडनमध्येच होते. पण त्याच उन्हाळ्यात पॉलिंग इंग्लंडला गेले, तेव्हाही त्यांनी ते फोटो पाहिले नाहीत. त्यामुळे डीएनएचं सगळं खापर पासपोर्टवर फोडता येत नाही. देशाची पत मात्र नक्कीच गेली.

१९५४ मध्ये पॉलिंग यांना रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि पासपोर्टचा अडथळा दूर झाला. १९५८ मध्ये त्यांनी अणुचाचण्या थांबवण्यासाठी ११ हजारांहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांचं निवेदन संयुक्त राष्ट्रांना दिलं. त्याच वर्षी चित्रकार रॉकवेल केंट यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की राजकीय विचारांमुळे परराष्ट्र खात्याला पासपोर्ट नाकारता येणार नाही.

१९६३ मध्ये अणुचाचणी बंदी करार लागू झाला आणि पॉलिंग यांना १९६२ चं शांततेचं नोबेल जाहीर झालं. दोन नोबेल, तेही कुणाशी वाटून न घेता, मिळवणारे ते आजवरचे एकमेव. १९९४ मध्ये त्यांचं निधन झालं.

ज्यांच्या प्रवासाने देशाचं नुकसान होईल असं सरकारला वाटलं होतं, त्यांनीच देशाला दोन नोबेल मिळवून दिले.